फैनाचा घास

मी दोसिथेओस, थेस्सलनीका शहरातल्या यहुद्यांचा खाटीक. माझ्या सुरीखालून गेल्याशिवाय आमच्या गल्लीत कोणाच्याही घरी मटण शिजत नाही. या गोष्टीची मला घमेंड आहे, असे बायको रोज ऐकवते, आणि तिचे काही चुकत नाही. माझ्या धाकट्या बहिणीचे नाव त्रुफैना. घरात आम्ही तिला फैना म्हणायचो. कैसराच्या, म्हणजे रोमच्या बादशहाच्या, सणानंतर तिसऱ्या दिवशी तिला धरून नेले.

गुन्हा एवढाच, की सणाला ती राहत होती त्या घराच्या दारात कैसराच्या नावाचा धूप जळला नाही. शेजारच्या तेल्याने जाऊन कागाळी केली. आता धूप माझ्याही दारात जळत नाही. आम्हा यहुद्यांना ती सूट जुन्या कैसरांपासून आहे. आम्ही एकाच देवाला मानतो, हे रोमी लोकांनी नाक मुरडत का होईना, चालवून घेतले आहे. पण फैना सापडली ते घर ख्रिस्ती लोकांचे होते. घरात सात जण होते, सहा ग्रीक आणि एक ती. गालीलातल्या एका सुताराला रोमी लोकांनी वधस्तंभावर खिळले, तो मेला आणि पुन्हा उठला, तोच आमचा मसीहा, असे ही मंडळी मानतात. मानोत बापडी. पण ग्रीकांना सूट नाही. ग्रीक माणूस धूप जाळत नाही म्हणजे तो कैसराचा वैरी, आणि वैऱ्याला तलवार.

फैनाला वाचवायला एक वाक्य पुरेसे होते. ही आमची आहे, असे आमच्यापैकी कोणीतरी रोमी सुभेदारासमोर सांगायचे, बस.

मी आमच्या सभास्थानाच्या प्रमुखांकडे गेलो. हेल्किया त्यांचे नाव, वय सत्तरीच्या पुढे. ते अंगणात उन्हाला पाय सोडून बसले होते.

“दोन वर्षांत शब्बाथाच्या प्रार्थनेला तिचं तोंड दिसलंय का तुला?” त्यांनी विचारले.

“नाही, काका.”

“ग्रीकांच्या पंक्तीला बसते. सुंता न झालेल्यांबरोबर भाकर मोडते. आणि मी जाऊन म्हणू, ही आमची? उद्या सुभेदार म्हणेल, मग उरलेले सहाही तुमचेच असतील. चारशे घरांची सूट जाईल, दोसिथेओस. तुझ्या पोरांचीसुद्धा.”

“ती जन्माने कोण आहे, तेवढं सांगा.”

हेल्कियांनी उन्हातले पाय आत ओढून घेतले. मग म्हणाले, “जा. भाऊ म्हणून बोल. सभास्थानाचं नाव तोंडी आणू नकोस, आणि खोटं बोलू नकोस.”

तिथून तडक तुरुंगात गेलो. पहारेकऱ्याला मेंढीची ताजी कलेजी दिली तेव्हा त्याने आत सोडले. सगळे एकाच खोलीत कोंबले होते. फैना भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिने पदर सारखा केला.

“वाळलीस,” मी म्हणालो.

“तू नाही वाळलास,” ती म्हणाली. “वहिनी खाऊ घालते वाटतं अजून.”

मला हसू आले आणि रडूही आले. मग खाटकाच्याच तोंडात येईल असा प्रश्न विचारला. “त्यांच्यात राहून खातेस काय तू? सगळंच?”

“डाळ खाते. माझं मडकं वेगळं आहे.”

“सांग ना त्याला नीट,” पलीकडून एक बाई म्हणाली. ही निके, धुणे धुणारी. गुलामीतच जन्मलेली, मग मालकाने मोकळी केलेली. “आपण सगळी एका घरची, असं ही रोज म्हणते. आणि जेवायला बसली की आपलं मडकं जवळ ओढते. दोन वर्षं आमच्या भांड्याला बोट लावलं नाही हिने. आम्ही काय घाणेरडे?”

“तसं नाही गं,” फैना म्हणाली. “मनाला पटलंय. घशाखाली उतरत नाही, त्याला मी काय करू?”

त्या बायकांचे भांडण ऐकून मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. पोरगी अजून आमचीच होती. खाटकाच्या घरात वाढलेली, डुकराचा वास आला तरी लहानपणी नदीपर्यंत पळत सुटणारी. त्याच क्षणी माझ्या डोक्यात युक्ती आली, आणि स्वतःच्या हुशारीवर मी खूश झालो.

“उद्या सुभेदारासमोर आपल्या घरी वागायचीस तशी वाग,” मी तिला म्हणालो. “बाकी मी बघतो.”

“मला एकटीला बाहेर काढायला आलायस?”

“हो.”

ती निकेच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. तेव्हाच मला कळायला हवे होते, पण मी युक्तीच्या नादात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदाराच्या चौकात सातही जणांना उभे केले. सुभेदाराला सर्दी झाली होती आणि काम लवकर आटपायचे होते. मी पुढे होऊन सांगितले, की ही माझी सख्खी बहीण, यहुदी बापाची आणि यहुदी आईची, तिला धूप लागू नाही.

“इथे सापडलेला प्रत्येक जण कोणाचा तरी भाऊबंद निघतो,” सुभेदार म्हणाला. “पुरावा काय?”

“सरकार, डुकराचं मांस मागवा,” मी म्हणालो. “देवळातलं नको, साधं घरचं. आम्हा यहुद्यांना ते निषिद्ध आहे. ही उपाशी मरेल, पण त्याला तोंड लावणार नाही. हाच पुरावा.”

देवळातले नको हे मी मुद्दाम म्हटले. मूर्तीपुढचे मांस ख्रिस्तीसुद्धा खात नाहीत, मग दोघांतला फरक कसा कळणार? इतका बारीक विचार मी केला होता. चौकात हशा पिकला. सुभेदारालाही गंमत वाटली. शिपायांच्या चुलीवरून एका नोकराने ताटलीत तुकडा आणला, चरबीसकट, अजून गरम.

“नको म्हण आणि घरी जा, बाई,” सुभेदार म्हणाला. खरे सांगतो, तो चांगल्या सुरात म्हणाला.

फैनाने ताटलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग मागे वळून त्या सहा जणांकडे पाहिले. निके मान खाली घालून उभी होती.

“हे कुठल्या देवळातलं?” फैनाने नोकराला विचारले.

“आमच्या चुलीवरचं आहे.”

तिने तुकडा उचलला आणि तोंडात घातला. सगळाच. किती वेळ चावत होती कोण जाणे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पोटातून येणारी उबळ ती दाबत होती. शेवटी तिने तो घास गिळला आणि निकेला म्हणाली, “झालं. आता म्हण, मडकं वेगळं म्हणून.”

निके तोंडावर हात दाबून रडायला लागली.

आणि मी? आमच्या बापाने मला शिकवले, त्याला त्याच्या बापाने. माणूस गेल्याची बातमी कानावर आली की हात आधी अंगरख्याच्या गळ्याशी जातो, विचार मागून येतो. कापड टरकल्याचा आवाज मला ऐकू आला तेव्हा माझा अंगरखा छातीपर्यंत फाटला होता.

सुभेदाराचे लक्ष अजून तिच्याकडे होते. तो हसत होता. “घाबरू नकोस रे,” तो मला म्हणाला. “सीरियात माझा न्हावी यहुदी होता. चोरून डुक्कर खायचा आणि शब्बाथाला सगळ्यांत पुढे बसायचा. एका घासाने कोणी परका होत नाही. मलाही कोणाला मारायची हौस नाही. सांग, तुमचीच ना ही?”

एवढे बोलून त्याने माझ्याकडे पाहिले आणि त्याचे हसू थांबले.

“तुम्ही हे मेलेल्या माणसासाठी फाडता. चार वर्षं मी तिकडे होतो, पाहिलंय.”

“हात चुकला, सरकार,” मी म्हणालो. “माझी आहे ती. आमचीच आहे.”

“तोंड एक सांगतंय, कपडा दुसरं सांगतोय,” सुभेदार म्हणाला. “तोंड दिवसभर खोटं बोलतं इथे.”

मी त्याच्या पाया पडलो. शिपायांनी मला बाजूला ओढले. धुपाची वाटी एकेकासमोर धरली. तिघांनी कैसराच्या पुतळ्यापुढे चिमूट टाकली, त्यांना सोडले. निके त्यांतली एक. फैनाने मान हलवून नको म्हटले. त्याच दुपारी तिला आणि उरलेल्या तिघांना वेशीबाहेर नेऊन तलवारीने मारले.

आमच्या गल्लीतले कोणी माझ्या घरी दुःखाला बसायला आले नाही. धर्म सोडून गेलेल्यांसाठी बसायचे नसते, असे हेल्कियांनी निरोप पाठवून कळवले. लोकांच्या मते मी तर भर चौकात तिच्या नावाने आंघोळ करून मोकळा झालो होतो. दोघातिघांनी तर मला शाबासकी दिली, आणि मी ती खाली मान घालून ऐकून घेतली.

पाचव्या दिवशी निके दुकानात आली. राखेच्या पाण्याने तिचे हात सोललेले होते.

“वेशीपर्यंत मी बरोबर चालत गेले होते,” ती म्हणाली. “तिचा निरोप आहे. दादाला सांग म्हणाली, आता परत कपडा फाडू नकोस. माझ्यासाठी एकदा फाडून झालाय.”

“रागावून म्हणाली का?”

“नाही.”

“मग हसून?”

“मला काय विचारतोस?” निके म्हणाली. “तिने घास खाल्ला माझ्यासाठी, आणि मी चिमूट टाकली. मला तिच्या तोंडाकडे बघता आलं नाही.”

तिला मारणारे आम्ही दोघे समोरासमोर उभे होतो, आणि जगात तिच्यासाठी रडणारे बहुधा आम्ही दोघेच होतो. मग गिऱ्हाईक आले. मी त्याला खांद्याचे मटण कापून दिले. निके कोपऱ्यात उभीच होती. तिला जा म्हणणे मला जमले नाही.