वाफेला वाट

चीनमधल्या जीशीजवळच्या आमच्या ग्रॅफाइट कारखान्यात छू दहाई आणि मी बावीस वर्षं ॲसिडच्या टाक्यांवर होतो. खाणीतून आलेली पूड ॲसिडमध्ये धुऊन शुद्ध करायची, हे आमचं काम. पुढे त्याची मुलगी यानछिउ इंजिनियर होऊन त्याच कारखान्यात आली आणि तिनं नवी भट्टी उभी केली. ॲसिडचा थेंब नको. नुसत्या उष्णतेनं पुडीतली घाण वाफ होऊन निघणार आणि ती वाफ वरच्या वर पकडून ठेवायची.

"तुझ्या पोरीनंच आपल्या पोटावर पाय दिला, दहाई," मी म्हणालो.

पहिली खेप चाचणीत नापास झाली. यानछिउ दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी, सुट्टी असूनही, दहाई मला ओढत भट्टीवर घेऊन गेला. पुढच्या खेपेसाठी पूड भरून ठेवलेल्या एका मुशीत त्यानं बोट खुपसून पाहिलं. बोट आत जाईना.

"कोणी भरलंय हे?"

"मीच उभी राहून भरून घेतलं, बाबा. जास्तीत जास्त मावावं म्हणून."

"तुझी आई मांथोउ पावाचे गोळे उकडायला ठेवते, तेव्हा असे ठासते का? घाण वाफ होऊन जाणार म्हणतेस, मग तिला वाट नको?"

तिनंही बोट खुपसून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "भट्टी चालली तर तुमच्या टाक्या बंद होतील. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे." तो बोटं पुसत म्हणाला, "लहानपणी तू मला बघून फाटकापाशी धावत यायचीस. मी लांबूनच ओरडायचो, शिवू नकोस, अंगावर ॲसिड आहे, आधी अंघोळ करू दे. तू रडायचीस. रोज. होऊ देत बंद."

मी उगाच भिंतीकडे बघत उभा राहिलो.

दुसरी खेप आम्ही तिघांनी मिळून सैल भरली. भट्टी निवायलाच आठवडा गेला. चाचणीचा कागद यानछिउनं आधी बापाच्या हातात दिला. चष्मा नसल्यानं त्याला आकडा दिसेना, म्हणून मी वाचला: शंभरात नव्व्याण्णव पूर्णांक नव्व्याण्णव शुद्ध.

वसंतात टाक्या बंद झाल्या. आम्हा दोघांना मुशी भरायच्या कामावर घेतलं. पहिल्याच सकाळी यानछिउ पाहणीला आली आणि माझी एक मूस उपडी करून म्हणाली, "काका, ही ठासलीय, पुन्हा भरा."

दहाई इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "ऐक बाबा तिचं," म्हणाला, "घरी माझंही हेच चालतं."