शिडीखालची मास्तरीण

लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी हे शिडीवरून पडले. लेक म्हणजे यांच्या पहिल्या बायकोची. मी या घरात दुसरी म्हणून आले तेव्हा ती दोन वेण्या घालत होती.

हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. खडूने अक्षरं आखून झाली की शिडीखालून कुणीतरी ती मोठ्याने वाचायची आणि मगच ब्रश रंगात बुडायचा, अशी त्यांची पद्धत. पहिली वाचून दाखवायची, चुकलं तर दटावायची. म्हणून यांनी तिचं नाव ठेवलं मास्तरीण. मला अक्षर येत नव्हतं. मी रंग कालवायचे. मग वाचायला हेच खाली उतरायचे, रस्ता ओलांडून लांबून बघायचे, परत चढायचे. मला हाक मारायची तर "अगं", नाहीतर "ऐकलंस का". जी मेली तिला लाडाचं नाव, आणि जी रांधतेय ती बिननावाची. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काय खोटं आहे?

चपलांच्या दुकानाची पाटी वाचायला उतरताना यांचा पाय सटकला. डोकं फरशीवर आपटलं. टाके पडले, थोडे दिवस दवाखान्यात राहिले आणि घरी आले. शेजारीण बघायला आली नि म्हणाली, "मास्तरीण असती तर बिचाऱ्यांना उतरावंच लागलं नसतं." त्यानंतर मी तिला साखर उसनी दिली नाही.

काही महिने बरे गेले. मग यांचं चालणं बिघडलं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे घासत चालायचे, उंबऱ्याशी अडायचे. कपडे ओले व्हायचे. नवीन काही लक्षात राहीना. आणि एका सकाळी मला म्हणाले, "मास्तरीण, चहा झाला का?"

मी म्हटलं, "ती गेली. मी आहे मी."

"बरं," म्हणाले. घोटभर प्यायले आणि, "मास्तरीण, साखर कमी पडली."

माझ्या घरात, माझ्याच हातचा चहा पिऊन सवत डोक्यावर मिरे वाटत होती.

लेक माहेरी आली, बापाचं चालणं पाहून हबकली आणि आम्हाला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साचलंय. हे पाणी सगळ्यांच्याच डोक्यात असतं, तयार होतं आणि जिरतं. मार लागल्यावर कधी कधी ते जिरायचं थांबतं. म्हणून चाल, लघवी आणि आठवण, तिन्ही बिघडल्यात."

"म्हणजे ती पाण्यात बसलीये तर," मी म्हटलं.

"कोण?"

"कोणी नाही. काढा ते पाणी."

आधी त्यांनी पाठीतून सुईने थोडं पाणी काढून पाहिलं. दुपारी हे उठून खिडकीपर्यंत चक्क पावलं उचलून चालले. माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, तू जेवलीस का?" त्या "अगं"नं माझा जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा चिकटले आणि मास्तरीण परत आली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी लेक खाली औषधं आणायला गेली होती. यांनी माझा हात धरला. "मास्तरीण, एक सांगू?"

मला राहवेना. तिच्याशी एवढं काय गूज असतं ते एकदा ऐकायचंच होतं. मी म्हटलं, "सांगा."

"घरात एक बाई आहे. तुझ्यावर फार जळते."

"जळू दे मेली. काय करते?"

"रंग कालवते. असा रंग कोणाला जमत नाही. तुलाही जमला नव्हता."

"मग तिला सांगत का नाही?"

"डोक्यावर बसेल," म्हणाले आणि हसले. "तू पण सांगू नकोस."

माझ्याशी इतकं लांब हे कधी बोलले नव्हते. कौतुक माझं, पण ऐकायला बसली ती. तेवढ्यासाठीही मला तिचा हेवा वाटला.

सकाळी ऑपरेशन झालं. कवटीला भोक पाडून, कानामागून कातडीखालून थेट पोटात नळी नेली. मध्ये झडप, गरजेपुरतंच पाणी सोडणारी. हळूहळू चाल सुधारली, कपडे कोरडे राहू लागले. घरी आल्यावर यांनी सगळ्यात आधी रंगाचा डबा उघडून बघितला. "ऐकलंस का, घट्ट झालाय."

"पण कालवलाय कसा?"

"ठीक आहे."

बस, एवढंच. मास्तरीण पुन्हा कधी आली नाही. मला वाटलं होतं, मी नाचेन.

मी लेकीच्या मागे लागून अक्षरं शिकले. वय झालं होतं, बोटं वळेनात, पण शिकले. शिवणवाल्याच्या दुकानाची पाटी आली तेव्हा हे बुटक्या शिडीवर चढले, कारण उंच शिडीला डॉक्टरीणबाईंची मनाई होती. मी खाली उभी राहून एकेक अक्षर वाचलं आणि म्हटलं, "दुसऱ्या ओळीत काना राहिलाय."

हे वरून बघत राहिले. मी वाट पाहिली.

"अगं," म्हणाले, "शिडी नीट धर."

लेकीच्या मुलाचा पहिला दात पडला त्या वर्षी थंडीत हे गेले, झोपेत, हृदय थांबून. नळी तेव्हाही चालू होती; शेवटपर्यंत मी "अगं"च राहिले.