झुंजुरपूर माझ्या खणातलं आहे

मी एक जुनं कपाट आहे, मित्रांनो. फणसाच्या लाकडाचं, छत्तीस बारक्या खणांचं. आधीच कबूल करतो, माझा स्वभाव फार मत्सरी आहे.

माझी मालकीण डॉ. अक्काताई पावशे. झुंजुरपूर नावाच्या जादूच्या देशाच्या गोष्टी लिहून त्या नावाजल्या. पण त्याआधी त्या शब्दांच्या अभ्यासक होत्या. उचगावच्या शेतकऱ्याची ही लेक बेळगावात कॉलेजात शिकवायची आणि सुट्टीला खानापूरकडच्या खेड्यांत जाऊन माणसांच्या तोंडचे शब्द गोळा करायची. एका कार्डावर एक शब्द, त्याचा अर्थ आणि तो कुणी सांगितला त्याचं नाव. ती कार्डं ठेवायला त्यांनी नंदगडच्या मारुतीराव सुतारांना मला करायला सांगितलं.

"एवढं बारकं खण कशाला वो बाई? मसाल्याला?" मारुतीरावांनी विचारलं.

"शब्दांना, मारुतीराव."

"मग दाट बसवतो. आतलं काय सांडाय नको."

वीस वर्षं मी खोलीच्या मधोमध होतो. माझ्यातल्या कार्डांवरून अक्काताईंनी सीमाभागाच्या बोलीचा कोश केला. धारवाडहून, पुण्याहून अभ्यासक यायचे आणि माझे खण हळू हाताने उघडायचे. मला वाटायचं, हे घर माझ्यामुळेच चाललंय.

मग तो टाइपरायटर आला.

अक्काताईंची भाची रचना पाय मोडून दोन महिने अंथरुणावर होती. तिच्यासाठी अक्काताईंनी झुंजुरपूरची एक गोष्ट रचली आणि बेळगावच्या कॅम्पातल्या एका वकिलांचा जुना मराठी टाइपरायटर आणून त्यावर ती उतरवली. गोष्टीचं पुस्तक झालं. पाठोपाठ आणखी तीन झाली. निपाणीपासून खानापूरपर्यंतची मुलं घरी यायला लागली. सगळी त्या यंत्राभोवती जमायची आणि बोटाने एखादं अक्षर दाबून बघायची. एकदा वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. म्हणाला, "ते कपाट जरा बाजूला घ्या, फोटोत येतंय."

मला जिन्याखाली ढकललं, ते कायमचंच. शेजारी केरसुणी आणि फिनेलची बाटली. तिथून मी त्याची टकटक ऐकायचो आणि जळायचो. त्याला काय ठाऊक होतं? झुंजुरपूर हे नावही माझ्याच खणातल्या शब्दावरून आलेलं.

शेवटच्या वर्षी अक्काताईंची बोटं सुजायला लागली. यंत्राच्या कळा दाबवेनात. पाचवं पुस्तक एका प्रकरणावर अडलं आणि टाइपरायटर गप्प झाला. मला आनंद झाला, हे सांगायला लाज वाटते. तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी जिन्याखाली येऊन माझ्या सगळ्यात खालच्या खणात कार्डं ठेवायच्या. पावसाने तो खण फुगला होता. "जरा सैल हो रं," त्या म्हणायच्या. मी झालो नाही. इतक्या वर्षांनी आठवण झाली का, म्हणून रुसून बसलो. कार्डांवर काय लिहिलंय तेही पाहिलं नाही. एका संध्याकाळी त्यांनी खण जोर लावून बंद केला, तो घट्ट बसला. त्यानंतर त्या आल्या नाहीत. आठवड्याने गेल्या.

घराचं स्मारक करायचं ठरलं. टाइपरायटरला काचेची पेटी आली. रचना आता शाळेत शिकवते. तिने शेवटच्या प्रकरणासाठी सगळं घर धुंडाळलं. प्रकाशक म्हणाले, शेवट दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. मी मनात म्हटलं, राहू दे त्या टाइपरायटरची गोष्ट अर्धीच. सामान हलवणाऱ्या विक्रमने मला भंगाराच्या ढिगाकडे ओढलं.

त्याच दिवशी खानापूरकडच्या नागुबाई भेटायला आल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या, पण अक्काताईंना शेकडो शब्द देणाऱ्या.

"माझं शब्द कुठं हाईत गं पोरी? बाई म्हणाल्त्या, कपाटात ठेवलंय."

रचनाने माझा एक खण ओढून वाचलं, "झुंजुरकं. म्हणजे पहाट. सांगणार, नागुबाई."

"व्हय, म्याच सांगितलेलं," म्हातारी हळूच म्हणाली.

रचना तिथेच जमिनीवर बसली आणि एकेक खण वाचत खाली आली. शेवटचा उघडेना.

"वडू नको, मोडंल," नागुबाई म्हणाल्या. "फणसाचं लाकूड हाय. दोन दिस उन्हात ठेव, आपसूक सुटतंय."

मला अंगणात ठेवलं. मी हट्ट धरून होतो, पण ऊन कुणाचा हट्ट ठेवत नाही. तिसऱ्या दिवशी खण निघाला. आत एकशे बारा कार्डं होती, थरथरत्या अक्षरातली, क्रमाने लावलेली. ते शेवटचं प्रकरण होतं. अक्काताई यंत्र सोडून माझ्याकडे आल्या होत्या, आणि मी त्यांना खण ओढायला लावून दमवत होतो.

पुस्तक आता आलंय. पहिल्या पानावर नागुबाईंसकट शब्द देणाऱ्या सगळ्यांची नावं आहेत. मी पुन्हा खोलीत आहे. टाइपरायटरपाशी अजूनही जास्त मुलं थांबतात. मोजू नये म्हणतो, पण मोजतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकण्याआधी त्यांचे सगळे खण उघडून बघा. नागुबाईंसारखी माणसं तुमच्या घरात असतील, त्यांचे शब्द लिहून ठेवा, खाली त्यांचं नाव घाला. आणि तुम्ही रुसलेले असताना कुणी रोज तुमच्यापाशी येत असेल, तर ते काय घेऊन आलंय एवढं तरी बघा. मी बघितलं नव्हतं.