बांधापलीकडे बाप

बुजमाच्या काठीचा दुसरा तडाखा तोंडावर बसला तेव्हा अल्लालचा दात तुटून ओठात रुतला. तरी त्याने पाटातला पाय काढला नाही. हातातलं फावडं त्याने चुलतभावाच्या गुडघ्यावर असं हाणलं, की बुजमा किंचाळत आपल्या जवाच्या शेतात कोसळला.

"तुझ्या बापाला इथंच गाडलाय, तुलाही गाडतो!" तो पडल्या पडल्या ओरडला.

यात खोटं काही नव्हतं. याच बांधासाठी अल्लालच्या बापाने सख्ख्या भावाचा, म्हणजे बुजमाच्या बापाचा, कोयता डोक्यात घेतला होता, आणि पडला तिथेच, अंजिराखाली, त्याला पुरला होता. रीफच्या डोंगरात जमिनीला कागद कुठला? चारचौघांत 'माझी' म्हणायचं, की आपली. आणि चारचौघांत एकदा 'माझी नाही' म्हटलं, की गेली. मग बोंबलून उपयोग नाही.

तेवढ्यात शिपायांची जीप वर चढली. जीप आली की गावात किफच्या एकाही शेताला मालक उरत नाही. गांजाची ती हिरवीगार रोपं जणू आभाळातून पडलेली असतात. बायाबापड्या, म्हातारे, सगळे झुडपांत पसार झाले. अल्लालही वळला होता.

"कोणाचं रे हे शेत?" अल्लालच्या किफकडे बोट दाखवत शिपायाने विचारलं.

बुजमा गुडघा चोळत गोड आवाजात म्हणाला, "कोणाचंच नाही साहेब. असतं तर बोलला नसता का? झुडपातनं सगळं गाव ऐकतंय."

"माझंय!" अल्लाल रक्त थुंकत गरजला. "माझ्या बापाचं!"

बंदुकीचा दस्ता कानावर बसला आणि त्या कानाने त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. खाली पाडून बुटांनी तुडवला, फरपटत नेला. खालच्या कोर्टाने तीन वर्षं दिली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा.

अपिलाच्या दिवशी वकीलबाई कोर्टाच्या ओट्यावर त्याच्या चांगल्या कानाशी बोलल्या. "नीट ऐका. शेत माझं नाही, मी मजुरीला होतो, भांडणाच्या रागात बोललो. एवढंच म्हणायचं. सुटाल."

"बुजमा आलाय," अल्लाल म्हणाला. आत कोर्टात मागच्या बाकावर बुजमा गावातले दोन म्हातारे घेऊन बसला होता. ऐकायला.

"येऊ दे की मुडदा!" त्याची बायको यामना पुढे आली. तिचा उजवा हात लाकडी पट्ट्यांत बांधलेला होता. "चार रात्री झाल्या, त्याची पोरं घरावर दगड मारतायत. हात मोडला माझा. पुढच्या वेळी डोकं फोडतील. तुमची जमीन काय उशाला घेऊ मी?"

"बाप आहे तिथं, यामना."

"बाप मेलाय. मी जिवंत आहे अजून."

हे मात्र त्याला चांगलं ऐकू आलं.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "शेत तुमचं?"

अल्लालच्या मुठी वळल्या. मागे वळून त्या थोबाडावर झेप घ्यावी, गळा धरावा, असं त्याला इतकं वाटलं की बेड्या खणखणल्या आणि शिपायाने त्याच्या खांद्यात कोपर रुतवलं.

"नाही," तो म्हणाला.

"मोठ्याने बोला."

"माझं नाही. माझ्या बापाचंही नव्हतं."

दुसरं वाक्य वकीलबाईंनी सांगितलं नव्हतं. पण म्हातारे बसले होते, तेव्हा अर्धवट बोलून चालणार नव्हतं. ते उठले आणि बाहेर गेले. भोगली तेवढीच शिक्षा पुरे, असं कोर्टाने ठरवलं.

घरी पोहोचल्यावर अल्लालने फावडं उचललं. यामना दारात आडवी आली, मोडक्या हाताने त्याचा सदरा धरला. त्याने तिला ढकलून दिली आणि निघाला. बांधावरचे दगड उपसून टाकले होते, अंजिरापर्यंत नांगर फिरला होता. फक्त थडग्याएवढी जागा सुटली होती. पलीकडे बुजमा भाकर तेलात बुडवून खात होता. कुत्रा भुंकत धावून आला.

अल्लालने फावडं वर उचललं. मागे धापा टाकत आलेल्या यामनाची पावलं थांबली.

मग त्याने फावडं खाली ठेवलं. चपला काढून बाजूला केल्या.

"बुजमा," त्याने हाक मारली, "येऊ का रे आत?"

बुजमाने मान वर केली नाही. भाकर अजून बरीच उरली होती. अल्लाल अनवाणी, हात मोकळे सोडून, जिथे बांध होता तिथे उभा राहिला.