तांबड्याचा एक्स-रे

"हलायचं नाही. श्वास रोखून धर," मी म्हणालो. अठरा वर्षं हेच वाक्य दिवसातून शंभर वेळा म्हणत आलोय, पण कोल्ह्याला म्हणायची ही पहिलीच वेळ.

"त्याला असं नाही कळत, बाबा. मी सांगते." भिंगरीने टेबलावर आडव्या पडलेल्या कोल्ह्याच्या कानात काहीतरी पुटपुटलं. त्याची छाती हलायची थांबली. मी तिला ओढत काचेच्या आड आणलं आणि बटण दाबलं.

रविवारची दुपार होती आणि एक्स-रे विभाग बंद होता. किल्ली माझ्याचकडे असते. आम्ही येताना जिना पुसणाऱ्या मावशींनी भिंगरीच्या हातातली टोपली पाहिली होती.

"कुत्रा वाटतं?"

"हो, कुत्राच."

"शेपटी बरीच झुपकेदार आहे हो कुत्र्याची," असं म्हणून त्या पुन्हा पुसायला लागल्या. हॉस्पिटलात हयात गेलेल्या माणसांचं हे एक बरं असतं, नको तिथे नाक खुपसत नाहीत.

सकाळी भिंगरी गच्चीच्या शिडीवरून खाली आली, ती थेट हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला झोपेतही कळेल. माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि ही बया फ्रॉक झटकत उठून उभी! पोरगी आठ वर्षांची झाली, पण आजवर तिला साधं खरचटलेलंही मी पाहिलं नव्हतं. 'आमची पोरगी रबराची आहे' असं चारचौघांत छाती फुगवून सांगायचो मी. या खेपेला मात्र ती पांढरीफटक पडून घरामागे धावली. मी मागोमाग गेलो. पाण्याच्या टाकीखाली तांबड्या पडला होता आणि त्याचा पुढचा डावा पाय लोंबत होता.

भिंगरी जन्मली त्याच आठवड्यात हा कोल्हा आमच्या मागच्या भिंतीवर येऊन बसायला लागला. सुरुवातीला मी दगड मारून हाकलायचो. ती रांगायला लागली तशी ती भिंतीखाली आणि तो वर, असे दोघांचे तासन्‌तास गप्पांचे फड रंगायचे. शेवटी मीच नाद सोडला.

"हे माझं आहे, बाबा," ती हुंदके देत म्हणाली. "मला लागलं की तो घेतो. नेहमीच घेतो. आता तू त्याला बरं कर."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण तो आवाज मी ऐकला होता.

स्क्रीनवर चित्र उमटलं. डाव्या पायाची दोन्ही हाडं मोडली होती, पण जागेवरून फारशी सरकली नव्हती. "बसेल हे," मी म्हणालो. "फळी लावून पट्टी बांधू." भिंगरीने डोळे पुसले आणि मलाही जरा हायसं वाटलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझी नजर सवयीने पुढे सरकली, नि मग हटेचना.

त्या कोल्ह्याच्या अंगात जुनी, भरून आलेली मोडतोड जागोजागी होती. मागच्या पायात एक. ही दीड वर्षाची असताना पलंगावरून पडली होती ना, ती. पंजाच्या बोटात एक. ते बोट दारात सापडलं होतं. बरगडीत एक, झोपाळ्याची. एकेकीची तारीख मी सांगू शकलो असतो. एवढ्याशा जनावराने हे सगळं मुकाट्याने सोसलं होतं आणि फुशारकी मी मारत होतो.

आणि पुढच्या उजव्या पायाच्या वरच्या हाडात एक तिरकी रेघ, हाडाभोवती वळत गेलेली.

पडल्यावर हाड सहसा असं मोडत नाही. ते पिरगाळलं तर असं मोडतं. लहान मुलाच्या दंडात अशी रेघ दिसली की आम्ही आवाज न करता उठतो आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतो. मी चार वेळा सांगितलंय. बाहेर बाकावर बसलेल्या त्या चारही बापांकडे मी ज्या नजरेने पाहिलं होतं, ती मला आठवली.

तीन वर्षांपूर्वीची सकाळ. ड्युटीला उशीर होत होता, शाळेचा एक बूट हिने लपवला होता आणि खी खी हसत होती. मी तिचा हात धरला आणि पिळला. ती एकदम गप्प झाली. मग तिने हात वर-खाली करून दाखवला, चांगला हलत होता. "बघ, काहीही झालेलं नाही. उगाच बोभाटा करू नकोस," मी बायकोला म्हणालो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी मात्र स्वतःला क्षमा करून मोकळा झालो होतो, कारण खरंच काही झालं नव्हतं.

"बाबा, ही वाकडी रेघ कसली?"

एक बटण दाबलं की चित्र पुसलं जातं. कुठे नोंद नाही, काही नाही. माझं बोट त्यावर गेलंही होतं. 'काही नाही गं' एवढेच शब्द म्हणायचे होते, आणि ते माझ्या जिभेच्या टोकावर होते.

"ते मी केलंय," मी म्हणालो.

"माहितीये. बुटाच्या वेळचं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू आईला म्हणालास ना, काही झालं नाही म्हणून. मला नव्हतंच झालं."

मला तिच्याकडे बघवेना. फळी आणि पट्टी घेऊन मी टेबलाकडे गेलो आणि हात पुढे केला. तांबड्या गुरगुरला नाही की चावायला आला नाही. त्याने कान पाडले, डोळे गच्च मिटले आणि मोडका पाय फरफटवत टेबलाच्या पार कडेला सरकला. तो थरथरत होता.

"उजवा हात मागे घे, बाबा. त्याला त्या हाताची भीती वाटते."

"आणि तुला?"

"मला कशी वाटेल?" गणित समजावून सांगावं तसं ती म्हणाली. "तीपण त्यानेच घेतली ना."

मी हात मागे घेतला, चार पावलं मागे सरलो आणि भिंतीला टेकलो. तिथूनच सांगत गेलो, फळी कुठे ठेवायची, किती ताण द्यायचा, आणि ती बांधत गेली. हळूहळू त्याचं थरथरणं थांबलं. पट्टीचा शेवटचा वेढा तिच्याकडून सैल राहिला. तो घट्ट करायला माझा उजवा हात आपोआप पुढे निघाला, आणि मी तो डाव्या हाताने मनगटाशी धरून ठेवला.