मासखमणाची आज्ञा

जळक्या तंबाखूचा वास आला आणि सूरजबाईंना आधी कंचनच आठवली. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती.

कंचन त्यांची नणंद. लग्न न करता माहेरीच राहिली आणि अर्धं आयुष्य उपवासात काढलं. नारायणगावच्या जैन समाजात तिला तपस्वी म्हणत. एका चातुर्मासात लांबच्या उपवासात बसल्या जागी कलंडली, ती उठलीच नाही. लोकांनी हात जोडले, फोटोला चंदनाचा हार चढला. आता तिच्या खोलीत सूरजबाईंची धाकटी टीना राहत होती, आणि घरी येणारं प्रत्येक माणूस म्हणायचं, "अगदी आत्यावर गेली."

टीनाची अठ्ठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपवास, पार पडली होती. दिवसा उकळून गार केलेलं पाणी, बाकी काही नाही. तिला पुढे मासखमण करायचं होतं, म्हणजे महिन्याचा उपवास. वडिलांमागे किराणा दुकान सांभाळणाऱ्या पारसने, तिच्या थोरल्या भावाने, मिरवणुकीसाठी बँड सांगून ठेवला होता. गावातल्या बायका साता, म्हणजे खुशाली, विचारायला येत आणि जाताना तिच्या पाया पडत.

सूरजबाईंचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. टीनाचं खाणं वर्षभरापासून बिघडलं होतं. कधी डब्यातल्या पोळ्या उभ्याउभ्या संपवायची आणि लगेच न्हाणीत जाऊन नळ सोडायची. बाहेर यायची तेव्हा डोळे लाल असत. मग आठवडाभर ताटाकडे बघायची नाही. दुकानामागे पोती तोलायच्या काट्यावर ती उभी असताना पारसने पाहिलं होतं. "काय गं, गुळाची ढेप आहेस का तू?" म्हणून तो हसला होता. जेवत नाही म्हणून जिच्यावर घर चिडायचं, तिनं उपवास धरला आणि तेच घर तिच्यापुढे वाकायला लागलं.

तो वास साळुबाईचा असेल, असं सूरजबाईंनी मनाशी म्हटलं. साळुबाई येडगावहून भांडी घासायला यायची. मागच्या ओट्यावर पत्र्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, चुरून डबीत भरायची आणि येताजाता हिरड्यांना चोळायची.

"भाभी, एक येळ भाकर नसली तरी चालंल, पन मिशरी पायजे," ती हसून म्हणायची. "भूक मरती बघा हिनं."

कंचन होती तेव्हाही साळुबाई होतीच. कंचनच्या खोलीत हाच वास यायचा, आणि तो ओट्यावरूनच येतोय असं समजून सूरजबाई मागचं दार लोटून घ्यायच्या.

पण साळुबाई लेकीच्या बाळंतपणासाठी डिंगोऱ्याला गेली होती. ओटा कोरडा पडला होता. आणि वास ताजा होता.

पाण्याचा तांब्या घेऊन सूरजबाई खोलीच्या दारात थांबल्या. खिडकीकडे तोंड करून कोणी बसलं होतं. पाठीचे मणके झंपरवरून मोजता आले असते. एक हात छातीवर. कंचन अशीच बसायची.

"टीना."

तिने मान वळवली, पण ओठ मिटलेलेच ठेवले.

"तोंड उघड."

हिरड्यांवर काळी रेघ होती. समोरचे दात आतून झिजून काचेसारखे पातळ झाले होते.

"साळुबाईने दिली?"

"दाढ दुखतेय म्हणून मागितली. तिला काय ठाऊक."

"उपवासात, टीना?"

"पोटात नाही जात, थुंकते." मग ती म्हणाली, "भूक लागली की आत कोणीतरी बोलत राहतं, मम्मी. हे लावलं की गप्प बसतं."

"आणि छातीवर हात का?"

"मधेच एक ठोका चुकतो. मग दोन एकदम येतात. काही नाही त्यात."

कंचन छातीवर हात ठेवून बसली की घरात सगळे हळू बोलायचे. तिचं ध्यान लागलंय, असं वाटायचं सगळ्यांना. सूरजबाईंनाही.

संध्याकाळी त्यांनी पारसला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "डबी फेकून दे. मासखमण होऊ दे, मग डॉक्टरला दाखवू. बाहेर कळलं तर तिचं लग्न होईल का? आणि लोक आत्याबद्दल काय बोलतील?"

"आत्या मेली, पारस."

"तिला मोक्ष मिळाला," तो म्हणाला आणि दुकान वाढवायला गेला.

सकाळी जैन स्थानकात, साध्वी उतरल्या होत्या तिथे, टीना हात जोडून उभी राहिली. एका बाजूने वृषाली, तिची मैत्रीण, तिला धरून होती. त्या साध्वी, महासतीजी, वयस्कर होत्या, हलक्या आवाजात बोलत. पच्चक्खाण, म्हणजे पुढच्या उपवासाचा नेम देण्याआधी त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "घरच्यांची आज्ञा आहे?"

"आहे," पारस म्हणाला.

"आईची?"

सूरजबाईंना टीनाचा चेहरा दिसत होता. ती विनवत होती, नुसत्या डोळ्यांनी.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझी आज्ञा नाही. ही आजारी आहे. उपवासाआधीपासून आजारी आहे. भूक मारायला तंबाखू लावते."

बायकांमध्ये कुजबूज झाली. पारसने खाली पाहिलं. महासतीजींनी टीनाकडे नीट पाहिलं आणि हात खाली घेतला. "आजाऱ्याला पच्चक्खाण देत नाही. घेऊन जा तिला. आधी शरीर."

तालुक्याच्या दवाखान्यात हृदयाच्या ठोक्यांचा कागद निघाला. डॉक्टरीणबाई तो धरून बोलल्या, "ओकाऱ्यांनी आणि उपासमारीने अंगातलं पोटॅशियम संपत आलंय. त्यावर तंबाखू. हृदय कुठल्याही क्षणी थांबलं असतं. अजूनही थांबू शकतं. एकदम खाऊ घालू नका, तेही झेपणार नाही. आम्ही सांगू तेवढंच, चमच्याने."

सलाईन लागलं. दुपारी मुगाचं पाणी आलं.

"मी तुला माफ नाही करणार," टीना भिंतीकडे बघत म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"नको करूस. घे."

खूप वेळाने तिने तोंड उघडलं. सूरजबाईंनी चमचा रिता केला. टीनाने ओठ मिटले, पण गिळलं नाही. गाल किंचित फुगलेला, नजर भिंतीवर. सूरजबाई रिकामा चमचा धरून तिच्या गळ्याकडे बघत बसून राहिल्या.