स्लॅबची अदलाबदल

चौक गावाजवळच्या बंगल्यांच्या कामाचं वेळापत्रक समिधा सांभाळायची. हिरूशेठच्या घराचा स्लॅब आज टाकायचा होता, पण प्लंबरने पाइपच टाकले नव्हते.

"ताई, काँक्रीटची गाडी निघाली हाय. परत पाठवू?" मुकादम पोपटने विचारलं.

"नको. सुरभीताईंच्या घराचे पाइप टाकून झालेत, सळईही बांधून, तपासून तयार आहे. दोन्ही घरं एकाच मापाची. गाडी तिकडे घ्या."

मग तिने स्वतः हिरूशेठना फोन लावला. ते चिडले. "तुमी तर आजचा शब्द दिलावता!"

"दिला होता. पण आज स्लॅब टाकला, तर उद्या पाइपांसाठी तोच फोडावा लागेल."

"मंग थांबतो," हिरूशेठ म्हणाले.

दुपारी निरोप मिळताच सुरभी मोहोपाड्याहून स्कूटरवर घाईघाईने आली. आपल्या घराचा ओला स्लॅब ती बघतच राहिली. समिधा मात्र प्लंबरला घेऊन हिरूशेठच्या घराकडे निघाली होती.